रविवारचा अंदाज

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बहिणीचं पत्र त्याच्या पडद्यावर आलं, तेव्हा तो कोळशाच्या जहाजाला आज काय भाव लावावा या विचारात होता. विचारात होता असं आपलं म्हणायचं. खरं तर तो गेले तीन आठवडे कशाच्याच विचारात नव्हता. सकाळी उठत होता, दाढी करत होता, आठव्या मजल्यावरच्या या ऑफिसात येऊन बसत होता आणि पुढ्यात येईल ते काम हातावेगळं करत होता. पत्र दोन पानी होतं. बहीण शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे परिच्छेदांना क्रमांक होते, समास सोडलेला होता आणि भाषा अशी की वाचणाऱ्याने उभं राहूनच वाचावी. हॉस्पिटलच्या प्रमुखांच्या नावे तक्रार होती, बाबांच्या डॉक्टरविरुद्ध. 'सदर डॉक्टरांनी रुग्णास रविवारपर्यंत धोका नसल्याचे स्पष्टपणे सांगितले. त्या भरवशावर मी माझा प्रवास लांबणीवर टाकला. रुग्ण शुक्रवारी दुपारी दगावला.' आणि अगदी तळाशी, साक्षीदार म्हणून, त्याचं नाव. नावापुढे सहीसाठी आखलेली रेघ. सोबत दोनच ओळी. 'पाचच्या आत सही करून पाठव. त्या बाईला असं सोडायचं नाही.' त्याने रेघेकडे पाहिलं.

"काय सरासरी, आज काय म्हणतोय बाजार?" समोरच्या टेबलावरून कॅप्टनने विचारलं. कॅप्टन म्हणजे खरोखरचा कॅप्टन. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजं हाकून, गुडघे गेल्यावर जमिनीवर आलेला. ऑफिसात सगळ्यांची नावं त्यानेच ठेवली होती. याचं नाव सरासरी पडलं त्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती, आणि नाव चिकटलं ते काही उगीच नाही. तो म्हणाला, "बाजार झोपलाय." कॅप्टन म्हणाला, "मग झोपेत काय बडबडतोय ते लिही की." दोघं हसले. हसणं वेळेवर आलं, याची त्याने नोंद घेतली.

हा धंदा घरी समजावून सांगणं त्याला कधी जमलं नाही. लग्न झाल्यावर बायकोने विचारलं होतं, तेव्हा त्याने कागद घेऊन बसून सांगितलं होतं, की कोळसा, धान्य, लोखंडाची माती असला कोरडा माल पोत्यात न भरता सरळ जहाजाच्या पोटात ओततात. ज्याचा माल आहे त्याला जहाज लागतं, ज्याचं जहाज आहे त्याला माल, आणि मध्ये आम्ही. इथवर तिला पटलं होतं. पण रोज दुपारी चार वाजता जे आकडे पाठवायचे असतात ते तिच्या गळी उतरेनात. निरनिराळ्या शहरांतले त्याच्यासारखेच दहा-बारा दलाल, एकेका मार्गावर आज जहाजाचं दिवसाचं भाडं किती, याचा आपापला आकडा कळवतात. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा बाजूला काढून टाकतात, उरलेल्यांची सरासरी काढतात, आणि तो त्या दिवसाचा भाव म्हणून जगभर जातो. "आणि त्या दिवशी एकही सौदा झाला नसेल तर?" बायकोने विचारलं होतं. तर झाला असता तर काय भावाने झाला असता, ते सांगायचं. "कुठल्या जहाजाचं?" तर जहाजही ठरलेलं असतं, पंचाहत्तर हजार टनांचं, सात पोटांचं, वय बारा वर्षांच्या आत, रोज इतकं तेल पिणारं. असं नेमकं जहाज कुठल्याच बंदरात उभं नसतं. "म्हणजे नसलेल्या जहाजाचा न झालेला सौदा," बायको म्हणाली होती, "आणि तुला याचा पगार देतात." तेव्हापासून तिने परत विचारलं नाही. तिला सांगायचं राहिलं ते एवढंच, की त्या फॉर्मवरची एकही चौकट कोरी ठेवायची नसते. 'माहीत नाही' असं उत्तर नसतंच. ज्याला माहीत नाही त्याने त्या खुर्चीत बसू नये. पहिल्या वर्षी त्याला याची धास्ती वाटायची, रात्री आकडे डोळ्यांपुढे नाचायचे. मग एक दिवस लक्षात आलं की फार वर जायचं नाही, फार खाली जायचं नाही, काल कुठे होतो ते बघून पाऊल टाकायचं, की आकडा आपोआप मध्ये पडतो. एकोणीस वर्षांत त्याचा आकडा बाजूला काढला गेल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. याचा त्याला अभिमान होता.

ती डॉक्टर वयाने लहान होती. तीस-बत्तीसची असेल, उजव्या हाताच्या बोटाला शाई लागलेली, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत बोलायची सवय. बुधवारी सकाळी कॉरिडॉरमध्ये, औषधांच्या ढकलगाडीला वाट देत देत तिने त्याला सांगितलं होतं, की वडिलांची फुप्फुसं आता साथ देत नाहीत. एकतीस वर्षं कोळशाच्या धक्क्यावर क्रेन चालवलेल्या माणसाची फुप्फुसं; तिने छातीचा फोटो उजेडाकडे धरला तेव्हा त्याला धक्क्याचाच नकाशा बघतोय असं वाटलं. "किती दिवस?" त्याने विचारलं. "ते नाही सांगता येणार," ती म्हणाली. तो थांबला. या थांबण्याचीही सवय होती. समोरचा हातचं राखून बोलत असला की गप्प राहायचं, मग तो आकडा सोडतो. पण ती आकडा सोडेना. "आज होऊ शकतं, उद्या होऊ शकतं, आठवडाही निघेल. मला खरंच माहीत नाही." तेव्हा त्याला तिचा राग आला. राग म्हणजे फार नाही. आपल्या धंद्यातल्या कच्च्या माणसाचा येतो तेवढा. एवढी शिकलेली बाई, हातात सगळे रिपोर्ट, आणि चौकट कोरी. तो म्हणाला, "बरोबर आहे, पण तुमचा अंदाज काय? घरच्यांना कळवायचंय." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "अंदाज दिला की लोक त्यावर तिकिटं काढतात. म्हणून मी देत नाही. कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा."

हे सगळं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. ढकलगाडीच्या चाकाचा आवाज, तिच्या चपलांना लागलेला चुन्याचा ठिपका, सगळं. त्याला विसर पडला असता तर गोष्ट वेगळी होती.

कारण त्यानंतर वीस मिनिटांनी जिन्यात उभं राहून त्याने ताईला फोन केला होता. ताई नऊ तासांच्या अंतरावर राहायची आणि बाबांशी सहा वर्षं बोलत नव्हती. आई गेली त्यानंतर चौथ्या दिवशी बाबांनी आईचे सगळे कपडे बोचक्यात बांधून जुनं सामान घेणाऱ्याला देऊन टाकले. ताई दुपारी आली तर कपाट रिकामं. ती दारातच म्हणाली, "चार दिवसांत माझी आई भंगारात काढलीत." बाबा खुर्चीतून न उठता म्हणाले, "जिवंत होती तेव्हा न्यायची होतीस." बस, एवढंच. दोघांचा स्वभाव एकसारखा. एकदा दार लागलं की लागलं. मधल्या सहा वर्षांत दोन्हीकडचे निरोप यानेच पोचवले, आणि पोचवताना दोन्हीकडची धार बोथट करून पोचवले. बाबा म्हणाले, 'तिला म्हणावं, मी मेल्यावर ये,' की हा ताईला सांगणार, 'बाबा तुझी चौकशी करत होते.' ताई म्हणाली, 'त्यांना माणसं नकोतच, क्रेन द्या एक,' की हा बाबांना सांगणार, 'ताई म्हणते तब्येतीला जपा.' वेळ मारून न्यायची. त्यात खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. टोकाचं बाजूला काढायचं, मधलं ठेवायचं.

बुधवारी ताईने सरळ विचारलं होतं, "डॉक्टर काय म्हणाल्या?" मग त्याने उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "शुक्रवारी शाळेत तपासणीला अधिकारी येतायत. वर्षातून एकदा येतात. पण तसं असेल तर मी आज निघते, मरू दे तपासणी. तू फक्त सांग." आणि तेव्हा, जिन्याच्या कठड्याला टेकून, त्याच्या डोक्यात ते आपोआप घडलं. आज, हे एक टोक, काढून टाक. आठवडा, हे दुसरं टोक, काढून टाक. मधले दिवस गुरुवार ते मंगळवार. त्यांचा मध्य शनिवार-रविवार. बाबा काल थोडं जेवले होते, म्हणजे किंचित वर, रविवार. अर्धं मिनिटही लागलं नाही. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाल्या, रविवारपर्यंत काळजीचं कारण नाही. तू तपासणी आटप, शनिवारी रात्रीच्या गाडीने ये." ताईने सुस्कारा सोडलेला त्याला ऐकू आला. त्या सुस्काऱ्याने त्याला बरंही वाटलं. डॉक्टरचं नाव का घेतलं? तर आकड्याला आधार लागतो. 'मला वाटतं' म्हणून कुणी जहाज ठरवत नाही. 'मालक असं म्हणतोय' म्हटलं की ठरतं. जिभेला वळणच तसं पडलेलं.

"सरासरी, पावणेचार झाले," कॅप्टन म्हणाला. "पाठवतोय," तो म्हणाला. त्याने पत्र बाजूला केलं आणि चौकटी समोर घेतल्या. कालचे आकडे, परवाचे आकडे. दक्षिणेकडून धान्य निघायला अजून अवकाश आहे, दोन जहाजं रिकामी तरंगतायत, म्हणजे किंचित खाली. फार नाही. त्याने पाच आकडे भरले आणि पाठवले. हात नेहमीसारखे चालले. त्याला आठवलं, बाबा गेले त्या शुक्रवारीही त्याने आकडे पाठवले होते. दुपारी सव्वाबारा वाजता बाबा गेले. कागदपत्रं झाली, पांढरी चादर आली, बायको खालच्या खिडकीशी रांगेत उभी होती, आणि हा त्याच जिन्यात उभा राहून फोनवर पाच चौकटी भरत होता. कुणी सांगितलं नव्हतं. कॅप्टनने तर फोन करून म्हटलं होतं, आज राहू दे रे, मी बघतो. पण चार वाजत आले तसा त्याचा जीव राहीना. संध्याकाळी भाव जाहीर झाला तेव्हा पाचपैकी तीन आकडे जवळजवळ तंतोतंत बसले होते, आणि बाबांना नेणाऱ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ते बघताना त्याला बरं वाटलं होतं. त्या दिवसात तेवढीच एक गोष्ट वाटली. नंतर लोक भेटायला आले, खांद्यावर हात ठेवून गेले, त्याला प्रत्येकाच्या हाताचं वजन कळत होतं, बाकी काही कळत नव्हतं. बायको एकदा म्हणाली, "रडून घे." तो म्हणाला, "हो." जणू भाजी आणायला सांगितली होती.

कॅप्टन उठून खिडकीशी गेला होता आणि दुखरा गुडघा दाबत उभा होता. एकदम म्हणाला, "तू कधी जहाजावर चढलायस का रे?" त्याने मान हलवली. नाही. एकोणीस वर्षांत नाही. बाबांनी आयुष्यभर जहाजं रिकामी केली आणि त्याने कागदावर भरली, पण चढला कधीच नाही. जवळ गेला होता तो एकदाच, आठ-नऊ वर्षांचा असताना, बाबांच्या क्रेनच्या केबिनमध्ये. लोखंडी शिडी चढून वर गेल्यावर खाली जहाजाचं पोट उघडं दिसत होतं, काळंभोर, आणि तळाशी फावडी घेतलेली माणसं इतकी लहान की त्यांना चेहरे नव्हते. बाबा एक दांडी ओढायचे, लोखंडी पंजा खाली जायचा, मूठ मिटायची, वर यायचा. काचेवर कोळशाची बारीक भुकटी सारखी बसत होती आणि बाबा ती बाहीने पुसत होते. तो विचारत होता, आता किती उरलं, आता किती उरलं. बाबा म्हणाले, "ते आपण बघायचं नाही. पंजा भरला की उचलायचा." मग त्यांनी त्याचं डोकं हलकेच दुसरीकडे वळवलं, समुद्राच्या बाजूला. हाताला तेलाचा आणि धुराचा वास होता. मुलाला भीती वाटू नये म्हणून वळवलं की कामात अडथळा नको म्हणून, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि गुरुवारची संध्याकाळ होती. ती तो सहसा बाहेर काढत नव्हता. बाबांच्या नाकावरची नळी सरकली होती ती तो नीट करत होता, तेव्हा बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "थोरली आली का?" सहा वर्षांत त्यांनी तिला थोरली म्हटलं नव्हतं, म्हटलं असेल तर 'ती'. तो इतका गांगरला की दोनदा नळीच नीट करत राहिला. मग म्हणाला, "येतेय. रविवारी." बाबांनी विचारलं, "आज वार काय?" "गुरुवार." बाबांनी चादरीवर ठेवलेल्या हाताची बोटं एकेक करून मिटली. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन बोटं मिटलेली तशीच ठेवून ते झोपले. या एका प्रसंगात कुणी काही बोथट केलं नव्हतं, कशाचा मध्य काढला नव्हता. बाबा बोलले तसं बोलले होते. शुक्रवारी रात्री उशिरा ताई आली, बाबांच्या घराचं बंद दार बघून पायरीवरच बसली, तेव्हा तिला सांगण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं. तो म्हणाला, "बाबांनी तुझं विचारलं होतं. थोरली आली का, म्हणाले." ताईने तोंडावर पदर घेतला आणि खूप वेळ रडली. तो शेजारी उभा राहिला. तिला रडता येतंय याचा त्याला हेवा वाटला होता.

साडेचार झाले. सही करायला काय लागतं? रेघेवर बोट फिरवायचं. चौकशी बसेल, त्या बाईला बोलावतील, ती म्हणेल मी असं बोललेच नाही, इकडे दोन माणसं म्हणतील बोललात. आणि दोघांपैकी एक मुख्याध्यापिका. त्या डॉक्टरची कुठेतरी लांब बदली करतील, किंवा करणारही नाहीत. ताई निवांत होईल. तिला राग धरायला कुणीतरी हवं होतं, मिळालं. न सही करता चालढकलही करता येईल. प्रवासात होतो, पत्र उघडलंच नाही, जाऊ दे ताई, गेलेला माणूस काही परत येत नाही. असली वाक्यं त्याच्याकडे पोत्याने होती. तो ती एकेक काढून बघत होता आणि प्रत्येक वाक्य चाललं असतं. त्याला कुठलंच उचलावंसं वाटेना. बाईच्या बोटाची शाई सारखी डोळ्यांपुढे येत होती. 'कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा.' तिने सांगण्यासारखं होतं तेवढं सगळं सांगितलं होतं. तो उठला, कॅप्टनला म्हणाला, "आलोच," आणि जिन्यात गेला. जिन्यातच त्याला बोलता येत असे.

ताईने पहिल्या रिंगला उचलला. "केलीस सही?"

"नाही. ताई, ऐक. डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या."

"कसं म्हणाल्या नव्हत्या?"

"रविवार त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, माहीत नाही. आज, उद्या, आठवडा, काहीही. रविवार मी काढला."

पलीकडे शाळेची घंटा झाली आणि मुलांचा एकच गलका उठला. ताईने बहुतेक दार लावलं. गलका कमी झाला.

"काढला म्हणजे?"

"अंदाजाने. मधला."

"मी तुला सांगितलं होतं, तसं असेल तर आज निघते."

"हो."

"त्या 'माहीत नाही' म्हणाल्या एवढं जरी तू सांगितलं असतंस, तरी मी गुरुवारी सकाळी तिथे असते."

"हो."

"हो काय, हो?" ती म्हणाली, पण आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "तीन आठवडे मी त्या मुलीला शिव्याशाप देतेय. कारकुनाकडून टाईप करून घेतलं मी ते. त्यालाही माहीत आहे आता." तो एका पायरीवर बसला. आता आतून काहीतरी येईल, असं त्याला वाटत होतं. सांगून टाकलं की येतं म्हणतात. काही आलं नाही. फक्त पायरी गार लागत होती.

"पत्र मी पाठवत नाही," ताई म्हणाली. "फाडून टाकते."

"बरं."

"एक सांगशील?"

"विचार."

"बाबांनी माझं विचारलं होतं म्हणालास. तेही तूच काढलंस का?"

तो ताडकन उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "ते खरं आहे, ताई. गुरुवारी संध्याकाळी. थोरली आली का, असंच म्हणाले. मी म्हटलं रविवारी येतेय, तर त्यांनी वार विचारला आणि बोटं मिटली. तीन. शुक्रवार, शनिवार, रविवार. मिटलेली तशीच ठेवून झोपले." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण एकामागून एक तपशील पुढे ठेवतोय, गिऱ्हाईक मागे सरायला लागलं की ठेवतो तसे, आणि त्याला थांबता येईना. "मी नळी नीट करत होतो. सहाचा सुमार होता. त्यांचा आवाज बसला होता, पण मला स्पष्ट ऐकू आलं. ताई, देवाशपथ खरं आहे."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"मला दुसरं काही नको होतं रे," ती म्हणाली. "तेवढ्यावर मी रोज झोपत होते."

"ते खरंच आहे, ताई."

"हो," ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. वर्गात चुकलेल्या मुलाला समजावते तशी हळू बोलत होती. "पण रविवारचं सांगितलंस ना तू मला, तेव्हाही असाच बोलला होतास. अगदी ह्याच आवाजात."